आजोबांचा नाण्यांचा डबा फोनमध्ये कसा जपायचा? फोटो, आवाज आणि यादीची सोपी पद्धत



आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात आजोबांनी जमवलेली नाणी आहेत. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तो कपाटातून बाहेर यायचा. आम्ही पोरं भोवती बसायचो आणि आजोबा एकेक नाणं हातात देऊन काहीतरी सांगायचे. तेव्हा अर्धं लक्ष फटाक्यांकडे असायचं.

आजोबा गेल्यावर आम्ही डबा नीट उघडला. त्यात लाल फडक्यात गुंडाळलेला एक चांदीचा रुपया निघाला, १९१८ सालचा. पंचम जॉर्ज राजाचा. बाकी सगळी नाणी सुटी आणि हे एकच फडक्यात. का? आजीला माहीत नाही. आत्याला वाटतं, पणजीनं दिला असावा. बाबा म्हणतात, पहिल्या पगारातला असेल. खरं कुणालाच ठाऊक नाही.

त्या रुपयाचं वजन, धातू, टांकसाळ हे सगळं मला फोनवर दहा मिनिटांत सापडलं. फडक्याचं कारण मात्र कोणत्याच ॲपमध्ये नाही. ते फक्त एका माणसाकडे होतं आणि आम्ही त्यांना विचारलं नाही.

म्हणून आजचा लेख. तुमच्या घरी असा डबा, बटवा किंवा अल्बम असेल आणि तो जमवणारं माणूस अजून समोर असेल, तर एक सुट्टी आणि एक साधा स्मार्टफोन एवढ्यावर हे काम सुरू करता येतं. कसं ते क्रमानं बघू.

पायरी १: डबा उघडा, पण नाणी घासू नका

सगळ्यात पहिली चूक इथेच होते. काळं पडलेलं नाणं बघितलं की हात शिवशिवतात. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, काहीही लावून ते चकाचक केलं जातं. मीही लहानपणी एक तांब्याचा पैसा चिंचेनं घासला होता. आजोबा रागावले नाहीत, पण तो पैसा त्यांनी पुन्हा अल्बममध्ये लावला नाही.

तांब्यावरचा तपकिरी आणि चांदीवरचा काळसर थर वर्षानुवर्षं तयार झालेला असतो. घासल्यावर त्याच्याबरोबर अक्षरांच्या बारीक कडाही जातात. जमवणाऱ्यांच्या नजरेत घासलेल्या नाण्याची किंमत कमी होते आणि गेलेला थर परत आणता येत नाही.

एवढंच पाळा:

- नाणं कडेनं धरा, दोन्ही बाजूंना बोटं लावू नका.
- खाली मऊ कापड पसरा, म्हणजे पडलं तरी मार लागणार नाही.
- मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नका. काही वर्षांनी त्यातून हिरवट चिकटा सुटतो आणि नाणं खराब होतं.
- एखाद्या नाण्यावर हिरवी भुकटी दिसली तर ते बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

पूजेचं काय? पूजा तर होणारच. त्यासाठी एक-दोन नाणी ठरवून ठेवा आणि हळदीकुंकू, पंचामृत त्यांनाच. बाकीची पाकिटासकट ताम्हणात ठेवली तरी चालतं. आमच्या आजीनं हे लगेच मान्य केलं.

पायरी २: फोटो असा काढा की अक्षरं वाचता आली पाहिजेत

महागडा कॅमेरा नको. फोन कोणताही चालेल, प्रकाश नीट हवा.

१. दिवसा खिडकीजवळ बसा. फ्लॅश बंद ठेवा, कारण त्यानं नाण्यावर पांढरा डाग येतो.

२. पांढऱ्या किंवा करड्या कागदावर नाणं ठेवा. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो.

३. पुस्तकांच्या दोन सारख्या चळती करून त्यांवर फोन आडवा ठेवा. हात हलत नाही आणि फोटो तिरका येत नाही.

४. फोन नाण्याच्या अगदी जवळ नेऊ नका. थोडा वर ठेवून दोनपट झूम करा आणि नाण्यावर बोट टेकवून फोकस करा.

५. प्रत्येक नाण्याचे तीन फोटो: छापा, काटा आणि कड.

६. शेवटी नाण्याशेजारी क्रमांकाची चिठ्ठी ठेवून आणखी एक फोटो. ००१, ००२ असे क्रमांक द्या. हाच क्रमांक पुढे यादीत आणि आवाजाच्या फाइलला वापरायचा आहे.

आता एक युक्ती. नाणं झिजलंय आणि अक्षरं दिसत नाहीत? खोलीत थोडा अंधार करा आणि दुसऱ्या फोनचा टॉर्च नाण्याच्या बाजूनं, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. आडव्या प्रकाशात उंचवट्यांची सावली पडते आणि पुसट अक्षरंही वर येतात. टॉर्च हळूहळू गोल फिरवत तीन-चार फोटो घ्या. आमच्याकडच्या दोन नाण्यांची सालं अशीच सापडली.

पायरी ३: नाणं ओळखा, पण फोनचं सगळं खरं मानू नका

गुगल लेन्सनं नाण्याचा फोटो शोधला की बहुतेक वेळा काहीतरी उत्तर येतं. स्वतंत्र भारताची आणि ब्रिटिश काळातली नाणी लेन्सला चांगली जमतात. झिजलेली, हातानं पाडलेली जुनी नाणी मात्र फसवतात. मराठेशाहीतल्या बऱ्याच रुपयांवर मुघल बादशहाच्या नावानं फारसी मजकूर असे. चांदवडी, अंकुशी असे रुपये त्यातलेच. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे अर्धी अक्षरं नाण्याबाहेरच राहायची. अशा वेळी लेन्स फक्त 'सारखं दिसणारं' काहीतरी दाखवतं.

म्हणून लेन्सचं उत्तर हा अंदाज समजा आणि न्युमिस्टा या वेबसाइटवर तपासा. जगभरातल्या जमवणाऱ्यांनी मिळून तयार केलेली ही नाण्यांची यादी आहे. इंग्रजीत आहे, पण देश, साल आणि वजन टाकून शोधता येतं. प्रत्येक प्रकाराला तिथे एक क्रमांक असतो. तो टिपून ठेवा.

ओळखताना उपयोगी पडतील अशा काही गोष्टी:

टांकसाळीची खूण. भारतीय नाण्यावर सालाच्या खाली बघा. छोटा हिरा असेल तर मुंबई, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. आत्ता खिशातलं नाणं काढून बघा.

साल कोणतं? देवनागरीत लिहिलेलं साल इसवी सनाचंच असेल असं नाही. बडोद्याच्या गायकवाडांच्या नाण्यांवर विक्रम संवत आहे. त्यावर १९४८ दिसलं तर ते स्वातंत्र्यानंतरचं नाही. संवतातून ५७ वजा करा, म्हणजे १८९१च्या आसपासचं. हैदराबादच्या निजामाच्या नाण्यांवर हिजरी साल असतं, आणि मराठवाड्यातल्या घरांत ही नाणी हमखास सापडतात. हिजरी सालाला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवा, इसवी सन जवळपास येतो. हिजरी १२०० म्हणजे साधारण १७८६.

वजन आणि लोहचुंबक. व्हिक्टोरिया राणीच्या काळापासून १९३०च्या दशकापर्यंतचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असायचा आणि त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. झीज धरून थोडं कमी भरेल, पण ९ ग्रॅम भरला तर शंका घ्या. चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही. १९४७चा वाघाचं चित्र असलेला रुपया मात्र चिकटतो, कारण तो निकेलचा आहे. तो बनावट समजून टाकून देऊ नका!

शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असा मजकूर असलेलं हे तांब्याचं नाणं. शिवाजी महाराजांच्या नंतरही शिवराया पाडल्या गेल्या आणि एकोणिसाव्या शतकातही त्या व्यवहारात होत्या. त्यामुळे 'श्री राजा शिव' वाचलं की लगेच 'महाराजांच्या काळातलं' असं स्टेटसला टाकू नका. बाजारात नकलाही खूप आहेत. जाणकाराला दाखवा.

पायरी ४: आता फोन टेबलावर ठेवा आणि ऐका

खरं काम इथे सुरू होतं. फोटो उद्याही काढता येतील.

फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर उघडा. आधी एअरप्लेन मोड चालू करा, नाहीतर रंगात आलेली गोष्ट कॉलमुळे तुटते. पंखा बंद करा. आणि 'आजोबा, तुमचं बोलणं रेकॉर्ड करतोय, चालेल ना?' असं विचारून घ्या. नको म्हणाले तर वहीत लिहा.

'तुमच्या संग्रहाबद्दल सांगा' असं विचारलं की दोन वाक्यांत विषय संपतो. त्याऐवजी एक नाणं हातात द्या आणि त्याबद्दलच विचारा:

- हे कुठून मिळालं? कुणी दिलं?
- तेव्हा तुम्ही काय करत होता, कुठे राहत होता?
- यात तेव्हा काय यायचं?
- याला घरात काय म्हणायचे?
- एकच ठेवायचं असेल तर कोणतं ठेवाल? का?

'काय म्हणायचे' हा प्रश्न विसरू नका. आपल्याला रुपया आणि पैसे एवढंच माहीत. त्यांच्याकडे दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली आहे. राणीछाप आहे, राजाछाप आहे, कलदार आहे. 'सोळा आणे सच' आपण म्हणतो, कारण रुपयाचे आणे सोळा. एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पया. म्हणजे एका रुपयात १९२ पया!

१ एप्रिल १९५७ ला हा हिशोब बदलला आणि रुपयाचे १०० 'नये पैसे' झाले. चार आण्यांचे बरोबर २५ झाले, पण एका आण्याचे सव्वासहा. आता सव्वासहा पैसे द्यायचे कसे? त्या काळात दुकानात गेलेल्या कुणालाही हा प्रश्न विचारा, अर्धा तास ऐकायला मिळेल. म्हणूनच त्या पहिल्या नाण्यांवर 'रुपये का सौवाँ भाग' असं छापलं होतं. १९६४ मध्ये 'नये' हा शब्द गेला.

आमच्या आजीच्या हातात मी भोकाचा पैसा दिला. १९४३ ते १९४७ या काळातला, युद्धात धातू वाचवायला मधे भोक पाडलेला. मला वाटलं, ती म्हणेल 'हो, असायचा असला'. तिनं सांगितलं की तिची आई असे पैसे दोऱ्यात ओवून कनवटीला बांधायची, आणि दोरा किती हलका झाला यावरून तिला बाजारात किती खर्च झाला ते कळायचं. मी आजीबरोबर वीस वर्षं राहतोय. हे मला पहिल्यांदा कळलं. आजोबांच्या डब्याबद्दल आम्ही आजीला कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून डबा ज्यांचा, त्यांनाच विचारा असं नाही. आजी, आत्या, मावशी, काका, ज्यांनी ही नाणी वापरली त्या सगळ्यांना विचारा. एका बैठकीत पाच-सहा नाणी पुरे. थकलेल्या माणसाला पन्नास प्रश्न विचारायचे नसतात.

रेकॉर्डिंगला लगेच नाव द्या: '०१४ भोकाचा पैसा आजी'. 'रेकॉर्डिंग २३' असं नाव ठेवलेली फाइल पुढच्या वर्षी कुणी उघडणार नाही. ऐकलेलं लिहून काढायचं असेल तर जीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग आहे. एकेक वाक्य स्वतः बोला, टाइप होतं. गावांची नावं आणि आकडे मात्र हातानं तपासा.

पायरी ५: यादी बनवा

गुगल शीट्समध्ये एवढे रकाने पुरतात:

क्रमांक | नाणं | साल | वजन व धातू | फोटोची लिंक | आवाजाची लिंक | कुणाकडून आलं | गोष्ट दोन ओळींत

माहीत नसेल तिथे 'माहीत नाही' असंच लिहा. अंदाज असेल तर 'आत्याच्या मते' असं लिहा. आमच्या लाल फडक्यातल्या रुपयापुढे तिघांचे तीन अंदाज नावांसकट लिहिलेत. आपण स्वतः जोडलेली गोष्ट पुढच्या पिढीला खरी वाटते, म्हणून ही काळजी.

या यादीचा आणखी एक उपयोग नंतर कळतो. पुढे कधीतरी नाण्यांची वाटणी होते. तीन भावंडांत डबा तीन ठिकाणी जातो आणि मग पूर्ण संग्रह कुणालाच दिसत नाही. यादी मात्र अख्खी राहते आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये असू शकते. कोणतं नाणं कुणाला द्यायचं हे आजोबांनी सांगितलं असेल तर तेही त्यात टिपा. पुढचे बरेच वाद वाचतील.

पायरी ६: शेअर करा, पण जपून

- व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि बारीक अक्षरं जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मात्र डॉक्युमेंटमध्ये फोटो कुठे काढला ते ठिकाणही सोबत जाऊ शकतं, म्हणून कॅमेऱ्यातलं लोकेशन आधीच बंद करा.
- गुगलच्या खात्यात १५ जीबी जागा फुकट असते, पण ती जीमेल आणि फोटोंसकट. एक प्रत ड्राइव्हवर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवा. फोन हरवला तरी काम वाया जात नाही.
- शीट 'लिंक असलेल्या कुणालाही' उघडी ठेवू नका. घरच्यांचे ईमेल टाकून द्या.
- डबा कुठे ठेवलाय, कपाट की लॉकर, हे शीटमध्ये लिहू नका.
- इन्स्टावर पूर्ण संग्रहाचा फोटो टाकू नका. एखाद्या नाण्याची गोष्ट टाका, तीच लोकांना आवडते.

'हे नाणं असेल तर मिळतील लाखो रुपये!'

असा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर तर तो रोज येतो. पद्धत ठरलेली असते. तुम्ही नाण्याचा फोटो पाठवता, समोरचा मोठी रक्कम कबूल करतो आणि मग नोंदणी, कमिशन, टॅक्स अशा नावांनी तुमच्याकडूनच पैसे मागतो. कधी रिझर्व्ह बँकेच्या लोगोचं पत्रही दाखवतो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलंय की अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही आणि ती कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही.

लक्षात ठेवा: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. विकणाऱ्याकडून आधी पैसे मागितले की ती फसवणूकच. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. आणि साइटवर दिसणारी किंमत ही मागणाऱ्यानं लिहिलेली असते. त्या किमतीला कुणी घेतलं असं त्यातून ठरत नाही.

आजोबांना हे समजावताना 'तुम्हाला काही कळत नाही' असा सूर नको. तो व्हिडिओ त्यांच्याबरोबर बसून बघा आणि पैसे कुठे मागतो ते दाखवा. नाण्यांचं ते आपल्याला शिकवतात, फोनचं आपण त्यांना. हिशोब बरोबर.

कायद्याचं थोडक्यात

शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि ते स्वतःहून देशाबाहेर नेता येत नाही. माझी अमेरिकेतली चुलत बहीण १९१८चा तो रुपया आठवण म्हणून नेणार होती. तो शंभरी ओलांडलेला असल्यामुळे राहिला. तिला फोटो आणि आजीचं रेकॉर्डिंग पाठवलं. शेतात किंवा घराच्या पायात जुनी नाणी सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुपचूप वाटून घेऊ नका.

घरातल्या लहानग्यांना कसं ओढायचं?

त्यांना जुना डबा एकदम देऊ नका. खिशातल्या सुट्ट्या पैशांपासून सुरुवात करा. चारही टांकसाळींच्या खुणांची एक रुपयाची नाणी शोधायला सांगा. दहा रुपयांच्या नाण्याचे १४ नमुने चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगितलं होतं. किती सापडतात बघा! ज्या दिवशी पोरगं स्वतःहून विचारेल, 'पण याच्याआधी कसली नाणी होती?', त्या दिवशी त्याला आजीकडे पाठवा.

मुंबईत असाल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आणि नाशिकला गेलात तर अंजनेरीचं नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय घरच्यांबरोबर जरूर बघा. काचेमागचं नाणं बघून आजोबा 'हे आपल्याकडे होतं' म्हणाले, तर रेकॉर्डर तयार ठेवा.

मित्रांनो, आमच्या यादीत सध्या १४३ नाणी आहेत. त्यातल्या ६१ नाण्यांपुढचा 'गोष्ट' हा रकाना रिकामा आहे आणि त्यातले बरेच आता रिकामेच राहणार. तुमच्या घरी विचारायला माणूस असेल, तर दिवाळीची वाट बघू नका. या रविवारी एक नाणं काढा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि पहिला प्रश्न विचारा. काय ऐकायला मिळालं, ते आम्हालाही जरूर कळवा!